तायाक्काचे बिऱ्हाडी उजेड पोहोचला त्याची हकीकत

श्रीसूर्यनारायणास दंडवत, बिरोबाचे पायी भंडारा, आणि वाचणारांस उदंड आयुष्य. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, आश्विनमासी ऐसे वर्तमान जाहले की, एका राज्याचे हुजुरांस कळले, आपले मुलुखी धनगर अंधारात निजतात. हुजूर बहुत कष्टी जाहले आणि मग आज्ञा केली, आणि दीपखात्याचे कारकून सदोबा घडीच्या सोलरपाट्या व दिवे घेऊन करडमाळावर दाखल जाहले. तेथे तायाक्का म्हणोन धनगरीण, थोरल्या कळपाची धनीण, पोरवयापासोन त्याच माळी पावसाळा काढी. बाई मोठी संशयी. सरकार फुकट देते म्हणजे कोठेतरी काही नेते, हे तिचे मनी पक्के. तिने पाटी उलटी केली, हुंगली, आणि विचारिले, "ह्येच्यात डोळा कुटं बसीवलाय?" सदोबा हसोन बोलिले, "बाई, डोळा नाही. दिवसा घोडीचे पाठीवर उन्हात पसरावी. सांजेस दिवा लागतो, फोनही चार्ज होतो." "आन् बिल?" "बिल नाही." "मग तर नगंच." तेव्हां सून काकुळतीस आली, "आत्याबाई, अंधारात लांडग्यानं कोकरं नेली, ती इसरलासा? घिऊया की." मग बाईने पाटी घेतली, परंतु सूर्य मावळताच तिजवर घोंगडे टाकी, न जाणो बघत असेल.

जाताना सदोबांनी पुसिले, "बिघडली तर दुरुस्तीस माणूस कोठे पाठवावा?" येवढ्या बोलण्यात हाच एक सवाल बाईस रास्त वाटला. म्हणोन मोकळे मनाने बोलली, "दिवाळी झाली की आमी घाट उतरून कोकणात. मिरगाच्या तोंडाला माघारी. तवर ह्या माळावर चिटपाखरू नसतंय." सदोबांनी ते ध्यानी धरिले आणि नमस्कार करोन गेले.

कोकणात दिवा उत्तम चालिला आणि लांडगा फिरकला नाही आणि बाईस वाटले, आपण उगाच किल्मिष धरिले. मग मिरगाचे तोंडी घाट चढोन आली, आणि पाहते तो माळास तारेचे कुंपण, आणि आत बाईच्या पाटीसारख्याच काळ्या काचा, नजर पोहोचे तेथवर. "कुणाला इचारून?" बाई कडाडली. चौकीदार बोलिला, "जागा मोकळीच होती, बाई. सरकारने आधी खात्री केली." बाईस सदोबांचा तो सवाल आठवला. "खात्री म्याच दिली की रं." मेंढरे तारेत तोंडे घालीत राहिली.

येणेप्रमाणे राज्यात उजेड वाढला, हुजुरांची कीर्ती जाहली. बाईचा दिवा आजतागायत बिघडला नाही, सबब तिला हुडकीत कोणी आले नाही. सांजेस तो लागतो, आणि सडकेचे कडेस उपाशी उभी मेंढरे स्वच्छ दिसतात.