ताट रिकामं होईपर्यंत

आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला मानाने 'कराई' म्हणतात आणि बाईला 'न्या'. रविवारी सकाळी दहाच्या सुमारास कराई क्रिस्पिन ओवेलार न्या निकासियाच्या अंगणात पोचला, तेव्हा त्याच्या अंगात इस्त्रीचा शर्ट होता, हातात पपईच्या मुरंब्याची बरणी होती आणि पोटात मुतखडा होता. शर्ट आणि बरणी सगळ्यांना दिसत होती. खड्याबद्दल मात्र त्याने कुणाला चकार शब्द सांगितला नव्हता. त्रेसष्टाव्या वर्षी लग्नाची मागणी घालायला आलेल्या माणसाने सोबत काय काय आणलंय, याची सगळी यादी पहिल्याच दिवशी द्यायची नसते.

तीन आठवड्यांपूर्वी खोगीर शिवता शिवता तो दुकानातच आडवा झाला होता, आणि त्याच्या ओरडण्याने समोरच्या खांबाला बांधलेला घोडा दोर तोडून पळाला होता. आरोग्यकेंद्रातल्या नर्सबाईने सुई टोचली आणि दम भरला, "जेवणाआधी एक ग्लास, जेवताना एक, जेवणानंतर एक. चुकलात तर रडत माझ्याकडे यायचं नाही." क्रिस्पिनने ते प्रार्थनेसारखं पाळलं. त्या दुखण्याला तो मनापासून भ्यायला होता.

अडचण एवढीच, की न्या निकासियाच्या घरी पाणी शेवटी. तसं गावात सगळेच जेवण उरकल्यावर पाणी पितात, पण बाकीच्यांकडे ती सवय होती. इथे तो कायदा होता. विणलेल्या रुमालाखाली एक सुरई आणि एकच पेला बाजूच्या टेबलावर ठेवलेला असे. शेवटचं ताट रिकामं झालं की शहाऐंशी वर्षांची म्हातारी मान हलवी, मग रुमाल निघे आणि पेला वयाच्या मानाने फिरे. तोवर कुणी त्या टेबलाकडे बघतसुद्धा नसे.

"माझी हरकत नाही," तिच्या मुलीने, एर्मेलिंदाने, त्याला आठवड्यापूर्वी सांगितलं होतं. चौपन्न वर्षांची एर्मेलिंदा गावातल्या नवऱ्यामुलींचे कपडे शिवायची. "पण आईचा होकार हवा. तिचा शब्द मोडून मी उंबरा ओलांडणार नाही. आई माणसाला जेवताना बघते आणि तिथेच ठरवते."

"आणि नाही पसंत पडलं तर?"

"मागे एका ट्रकवाल्याने तोंडात घास असताना पाणी मागितलं. त्याला आईने ताटावरून उठवलं. त्यानंतर कुणी आलंच नाही."

क्रिस्पिनला एर्मेलिंदा हवी होती. बायको गेल्यापासून चार वर्षं तो चुलीपाशी उभ्याउभ्या, पातेल्यातूनच जेवत होता, आणि आता त्याला कुणाच्या तरी समोर बसून जेवायचं होतं. त्यासाठी जेवतानाचा एक ग्लास बुडाला तर बुडाला, असं त्याने ठरवलं. जेवणाआधीच पोटभर पिऊन घ्यायचं. आंब्याखाली तेरेरे होणारच, आणि तेरेरे म्हणजे तरी काय, पाल्यावर ओतलेलं बर्फाचं पाणीच की!

आंब्याखाली खुर्च्या मांडल्या होत्या. एर्मेलिंदाने शिंगाच्या पेल्यातल्या पाल्यावर पाणी ओतलं, नळी सारखी केली आणि पहिला पेला पाहुण्याला दिला. त्याने तो एका दमात संपवला. परत देताना तिची बोटं त्याच्या बोटांना लागली, आणि चार वर्षांत कुणाची बोटं न लागलेला तो माणूस गडबडून म्हणाला, "ग्रासियास."

सगळ्यांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. तेरेरेच्या पेल्याला मन भरेपर्यंत 'ग्रासियास', म्हणजे 'आभारी आहे', म्हणायचं नसतं. म्हटलं की त्याचा अर्थ, झालं, मला आता नको. रांगतं पोर सोडलं तर हे सगळ्या गावाला कळतं.

"एवढ्यात भागलं?" एर्मेलिंदाचा भाऊ अनास्तासियो हसला. "काय हो, घरून विहीर पिऊन आलात काय?"

"नाही, म्हणजे मला तसं—"

"असू दे," न्या निकासिया वेताच्या खुर्चीतून म्हणाली. "कमी पितो. चांगलं लक्षण आहे."

झालं. म्हातारीकडून मिळालेलं पहिलं प्रशस्तिपत्र परत कसं करायचं? क्रिस्पिन हसला आणि हात मांडीवर ठेवून बसला. पेला नऊ वेळा त्याच्या नाकासमोरून गेला. आतला बर्फ वाजत होता, आणि वर डिसेंबरचं, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्यातलं, ऊन होतं.

साडेअकराला तिथेच आंब्याखाली पानं वाढली. भाजलेली कोंबडी, उकडलेला मांदिओकाचा कंद, आणि म्हातारीने स्वतः भट्टीत भाजलेला सोपा. सोपा म्हणजे खरं तर सूप, पण आमच्याकडे तो सुरीने कापून खातात. मक्याचं पीठ, चीज, कांदा, आणि ओलं असं काही नाही. नाव सोपा असलं तरी कोरड्या घशाने गिळायला त्याच्याइतकं अवघड दुसरं काही नाही. पहिला तुकडा क्रिस्पिनने जिद्दीने उतरवला. दुसरा टाळूला चिकटून बसला.

"अजून घ्या," म्हातारी म्हणाली, आणि तळहाताएवढा तुकडा त्याच्या ताटात आला.

"उत्तम झालाय," क्रिस्पिन कसाबसा म्हणाला.

"आमच्या सिरिलोला फार आवडायचा. तुम्ही बसलाय ना, त्याच खुर्चीत बसायचा. एक्केचाळीस वर्षं झाली. अर्ध्या जेवणात पाणी प्याला. एकच पेला. आणि तिथल्या तिथे गेला."

एर्मेलिंदा आणि अनास्तासियो माना खाली घालून जेवत राहिले. बापाच्या मरणाची ही गोष्ट ते दर रविवारी ऐकत आले होते. क्रिस्पिनने पाय खुर्चीच्या आत घेतले, हातातला घास नीट गिळला, आणि त्याच क्षणी त्याला उचकी लागली.

पहिली उचकी सगळ्यांनी सभ्यपणाने न ऐकल्यासारखी केली. पाचवीनंतर म्हातारीने काटा खाली ठेवला. "दोरा आण गं."

एर्मेलिंदाने शिवणाच्या डब्यातून लाल दोरा आणला. म्हातारीने तो थुंकीने ओला करून गोळी केली आणि क्रिस्पिनच्या कपाळाच्या मधोमध चिकटवली. तान्ह्या बाळांची उचकी याने थांबते. क्रिस्पिनची थांबली नाही. इस्त्रीचा शर्ट, पांढऱ्या मिशा आणि कपाळावर लाल दोरा घेऊन तो ताठ बसून राहिला, आणि त्या परिस्थितीतही त्याने जे बोलायला आला होता ते बोलायचा प्रयत्न केला.

"न्या निकासिया, मी आज तुमच्याकडे एक— हिक्!— एक मोठी गोष्ट— हिक्!"

"आधी उचकी," म्हातारी म्हणाली. "अशी गोष्ट तुटक बोलत नाहीत."

"उचकीवर औषध एकच," अनास्तासियो म्हणाला. "श्वास न घेता सात घोट पाणी."

"ताटात अन्न आहे."

"मग ताट उचलू या."

"पाहुण्याच्या पुढ्यातलं भरलं ताट उचलायचं? माझ्या घरात?"

"मग त्यांना संपवू दे."

"संपवतोच— हिक्!" म्हणेपर्यंत सोप्याचा एक कण क्रिस्पिनच्या तोंडातून उडाला आणि सुरईवरच्या रुमालावर जाऊन पडला. कुणीच हसलं नाही, हे जास्त वाईट होतं.

"मी संपवतो ना त्यांचं," अनास्तासियोने स्वतःचा काटा पुढे केला.

"दुसऱ्याने संपवलेलं ताट संपलेलं धरत नाहीत," म्हातारीने निकाल दिला.

एकूण प्रकार असा झाला, की उचकी थांबायला पाणी हवं, पाणी मिळायला ताट संपायला हवं, आणि ताट संपायला उचकी थांबायला हवी. चौघंही या पेचाचा गंभीरपणे विचार करत बसले होते. एवढ्यात क्रिस्पिनच्या कमरेत डाव्या बाजूला कुणीतरी बोटाने टोचल्यासारखं झालं. ही टोचणी त्याच्या ओळखीची होती. तिच्यामागून काय येतं ते त्याला ठाऊक होतं, आणि एर्मेलिंदाच्या समोर त्याला जमिनीवर लोळायचं नव्हतं.

"हात धुऊन— हिक्— येतो," म्हणून तो उठला.

स्वयंपाकघरात कोपऱ्यात माठ होता. पत्र्याचा मग बुडवताना आवाज होऊ नये म्हणून त्याने तो तिरका धरला. मगाची कड ओठांपर्यंत आली आणि दारात काठीचा आवाज झाला.

न्या निकासिया उभी होती. तिने मगाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

क्रिस्पिनने मग खाली ठेवला नाही. सगळं संपलंच होतं, मग खोटं तरी कशाला बोलायचं? "मला मुतखडा आहे, न्या निकासिया. नर्सबाईने जेवताना पाणी प्यायला सांगितलंय. आधी सांगायला हवं होतं, पण लाज वाटली— हिक्. तुमचा नियम मोडला. येतो मी."

म्हातारी आत आली आणि लाकडाच्या पेटीवर बसली.

"सिरिलोने पाणी मागितलं होतं," ती म्हणाली.

"आणि प्याले, हे मघाशी तुम्ही—"

"मागितलं होतं म्हणतेय मी. दिलं नव्हतं." तिने काठी मांडीवर आडवी घेतली. "सकाळपासून उन्हात खणत होता. मी म्हटलं, आधी ताट संपव. त्याने संपवलं. माझा शब्द कधी मोडायचा नाही तो. संपवलं, सुरईकडे हात नेला, आणि कलंडला. डॉक्टर म्हणाला, हृदय होतं, पाण्याचा काही संबंध नाही, प्याला असता तरी गेलाच असता."

"मग तुम्ही कशाला मनाला—"

"पण तहानलेला गेला ना रे."

माठाच्या बुडाशी ओल झिरपत होती आणि बाहेर अनास्तासियो बहिणीला हळू आवाजात काहीतरी विचारत होता.

"मग लोकांना सांगितलं, पाणी प्याला म्हणून गेला. पाणी वाईट असलं, तर मी नाही म्हटलं ते बरोबर होतं. नाही का? एकदा तोंडातून गेलं, मग धरूनच ठेवावं लागलं." तिने बोटाने मग दाखवला. "पी तू. सगळा पी. मी बघते."

तो प्याला. ती एकेक घोट बघत होती, आणि तिचे ओठही त्याच्या घोटाबरोबर हलत होते. पत्र्याचा मग रिकामा झाल्यावर तिने तो स्वतः उठून पुन्हा भरला आणि पुन्हा त्याच्या हातात दिला. दुसरा मग संपला तेव्हा उचकी कधीच थांबली होती, पण दोघांच्याही ते लक्षात आलं नाही.

दोघं बाहेर आले. म्हातारी आपल्या जागी बसली आणि टेबलावर काठी आपटली.

"हा माणूस आत माठातलं पाणी पीत होता," ती म्हणाली. "चोरून. ताटात अन्न असताना."

अनास्तासियोने खुर्ची मागे सरकवली, पाहुण्याला दारापर्यंत पोचवायचं काम त्याच्याकडे येणार हे धरून. एर्मेलिंदाने डोळे मिटून घेतले. तिच्या हातातल्या हातरुमालाची घडी लहान लहान होत गेली. क्रिस्पिनला तिच्याकडे बघवेना.

"हा सांगितलेलं ऐकत नाही, एर्मेलिंदा," म्हातारी म्हणाली. "ह्याला सोडू नकोस."

"आई?"

"असा माणूस टिकतो. आणि ती सुरई इकडे दे."

एर्मेलिंदाने आईच्या ताटाकडे पाहिलं. त्यात अर्धा सोपा होता, कोंबडीची तंगडी होती. सुरई द्यावी की आईला आधी घरात नेऊन झोपवावं, हे तिला कळेना. शेवटी तिने रुमाल काढला आणि पेला भरला. म्हातारीने तो दोन्ही हातांनी धरला आणि भरल्या ताटावर बसून, न थांबता, तळापर्यंत प्याली. तिघंही श्वास रोखून बघत होती, आता काहीतरी होणार म्हणून.

काही झालं नाही. तिने उलट्या हाताने आधी तोंड पुसलं, मग डोळे पुसले.

"बघत काय बसलाय? जेवा," ती म्हणाली. मग क्रिस्पिनकडे वळली. "आणि तू, तुला काय विचारायचंय ते विचार एकदाचं. अन्न गार होतंय."