सांगितला पायजे

पास्कूमामा नारळ पाडण्याआधी माडाला सांगत. "पाडतो हां," एवढंच. मग खोडावर दोनदा थाप मारत आणि वर चढणाऱ्याला खूण करत. नायगावात आमच्या गल्लीत नळ आला, तेव्हा मामा आपल्या परसातल्या विहिरीपाशी गेले आणि आत वाकून म्हणाले, "नलाचा पानी आयला. पन तू हायस. घाबरू नको." हे मी माझ्या कानांनी ऐकलं, कारण त्यांची विहीर माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली होती आणि मामांचा आवाज खाडीपलीकडे पोचेल असा होता.

"न सांगता काय करायचा नाय. सांगितला पायजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. घराला रंग काढायचा, घराला सांग. मांजराची पिल्लं कुणाला द्यायची, मांजराला सांग. मी त्यांच्या शेजारच्या नव्या इमारतीत तळमजल्यावर राहायला आलो, तेव्हा ते माझ्या दारात उभे राहून माझ्याशी नव्हे तर माझ्या भिंतीशी बोलले. "मानसा आयली राहायला. सांभाळ." माझी बायको हसली. मी दिवसभराच्या नोकरीने इतका दमलेला असे की मला हसायलाही आळस यायचा.

मामा जन्माने कोळी, धर्माने ख्रिस्ती आणि स्वभावाने हट्टी. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. घरात ते आणि त्यांची नव्वदीला टेकलेली आई. सगळी गल्ली तिला आय म्हणायची. आय गुडघ्यांनी अधू होती, पण कान आणि जीभ शाबूत. रोज दिवेलागणीला ती खाटेवरून विचारी, "पास्कू, होरी आयली काय?"

मामा दारातून उत्तर देत, "येल. भरती होऊंदे."

होरी म्हणजे त्यांची होडी. ती आता गडी चालवतात आणि मामा फक्त धक्क्यावर मासळी उतरवून घेतात, असं आयला भासवलेलं होतं. पण होडी येणार नव्हती. तीन वर्षांपूर्वीच मामांनी ती विकली होती. खाडीत मासळी उरली नव्हती, सोबत यायला माणूस मिळत नव्हता आणि मामांची कंबरही गेली होती. हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. माडाला, विहिरीला आणि माझ्या भिंतीला माहीत होतं. फक्त आयला सांगितलेलं नव्हतं. त्या होडीवर आयच्या नवऱ्याचं नाव रंगवलेलं होतं, आणि मामांचं धाडस होत नव्हतं.

"घरात नाय सांगायचा," ते मला म्हणत. "धक्क्यावर नेऊन सांगीन. पान्यासमोर. तवा तिला बरा वाटल."

धक्का घरापासून पंधरा मिनिटांवर. पण आयला चालवत नव्हतं, रिक्षात चढता येत नव्हतं आणि उचलून नेलेलं तिला चालत नव्हतं. म्हणून मामांनी गाडी घेतली.

ही मोबाइलवर माणसं फक्त बोलायची, तेव्हाची गोष्ट. मामांची गाडी परदेशी, जुनी, लांबलचक, मुंबईच्या कुणा शेटच्या अंगणात पडून असलेली. तिच्या चारी चाकांवर स्प्रिंगांच्या जागी रबराचे हवा भरलेले फुगे होते. बटण दाबलं की फुग्यातली हवा कमी होई आणि गाडी हळूच खाली बसे. शेटने बटण दाबून दाखवलं. मामा म्हणाले, "वाकली! आयसाठी वाकली!" पुढे त्यांनी इंजिनसुद्धा बघितलं नाही.

गाडी नायगावात आली, फादरांनी तिच्यावर पवित्र पाणी शिंपडलं, आणि आठव्या दिवशी ती खाली बसली ती उठेचना. फुगे जुने होऊन फाटले होते. तसले फुगे मिळवायचे तर परदेशातून. मामांनी आधी गाडीला सांगितलं, मग तिला ट्रकवर चढवून वालीवला नेलं. तिथे कारखान्यांच्या यंत्रांना स्प्रिंगा वळून देणारा एक मिश्रा होता. त्याने गाडीखाली डोकं घातलं, बाहेर काढलं आणि म्हणाला, "चाचा, हवा-बिवा छोड़ो. ऐसा स्प्रिंग डालूँगा, हाथी बैठेगा तो भी नहीं दबेगी।"

तो शब्दाला जागला. गाडी परत आली ती दचकलेल्या बकरीसारखी चारी पायांवर ताठ उभी. आयसाठी आता पाट ठेवावा लागणार होता. तेही चाललं असतं. पण किल्ली फिरवली की समोरच्या पट्टीवर लाल दिवा लागे आणि गाडी ओरडू लागे. टीं, टीं, टीं. एकदा सुरू झालं की गाडी बंद करेपर्यंत थांबणं नाही.

मामांनी आयला पाटावरून कशीबशी आत बसवली, किल्ली फिरवली, आणि आय तोंडावर पदर घेऊन म्हणाली, "पास्कू, ही रडते. रडत्या गाडीत मी नाय बसाची. मना उतरव."

तिथून माझी साडेसाती सुरू झाली. मी अंधेरीला एका कचेरीत कंप्युटरवर पगारपत्रकं टाइप करत असे. मामांना कुणीतरी सांगितलं की गाडीतही कंप्युटर असतो आणि ओरडतो तोच. संध्याकाळी मी घरी आलो की ते माझ्या चपला काढून होण्याआधी दारात हजर.

"तू कंप्युटरवाला. त्याला सांग, हवा गेली, आता स्प्रिंग हाय."

"मामा, तो कंप्युटर वेगळा."

"वेगला कसा? तू पन मराठी बोलतोस, मी पन बोलतो. समजतो ना आपन?"

मी थकून मान हलवली की मला ते पटलं असं त्यांना वाटे. पहिले काही दिवस त्यांनी स्वतःच प्रयत्न केला. रोज सकाळी बॉनेटसमोर उभे राहून ते म्हणत, "बाय, हवा गेली. फुगं फाटलं. आता स्प्रिंग हाय. इसर ती हवा." मग किल्ली फिरवत. टीं, टीं, टीं. मग ते फादरांकडे गेले. आशीर्वाद फुग्यांच्या गाडीला दिला होता, आता स्प्रिंगांच्या गाडीला वेगळा लागेल का, असा त्यांचा प्रश्न. फादर म्हणाले, आशीर्वाद पूर्ण गाडीला असतो, पास्कू, सुट्या भागांना नसतो.

शेवटी त्यांनी मला कचेरीतल्या कंप्युटरवर एक कागद काढून आणायला लावला. 'या गाडीतील हवा काढून स्प्रिंग घातली आहे, कृपया नोंद घ्यावी.' ठळक अक्षरांत, दोन प्रती. एक त्यांनी त्या लाल दिव्याच्या खाली चिकटवली. दुसरी जपून ठेवली, पहिली हरवली तर. साहेबांनी माझ्या हातात तो कागद पाहिला आणि चष्मा पुसला. त्या वर्षी माझी बढती हुकली. कागदामुळेच हुकली असं मी म्हणत नाही.

गल्लीतले लोक सांगत, मामा, ओरडण्याची वायर कापून टाका, दिव्यावर काळी पट्टी लावा, प्रश्न मिटला. मामा भडकत. "तोंड दाबायचा नाय! तो इचारतो हाय. त्याला सांगितला पायजे."

मी एकदा वैतागून म्हणालो, "मामा, आयपण रोज विचारते."

मामा म्हणाले, "आदी गाडी गप होऊंदे." आणि विहिरीकडे निघून गेले. मला माझं बोलणं लागलं. पण खोटं का सांगू, बरंही वाटलं.

त्यानंतर मीच कचेरीत चार जणांना विचारून मुलुंडचे दामले शोधून काढले. परदेशी गाड्यांच्या कंप्युटरचं काम करणारे दामले. रविवारी सकाळी ते लॅपटॉप आणि एक जाडजूड केबल घेऊन आले, गाडीभोवती एक फेरी मारली, चिकटवलेला कागद पूर्ण वाचला आणि म्हणाले, "मजकूर बरोबर आहे. पत्ता चुकला."

त्यांनी स्टिअरिंगच्या खाली एका खाचेत केबल खुपसली, वर एक जादा बॅटरी जोडली आणि आम्हाला बजावलं की काम चालू असताना दार उघडायचं नाही. मामा आत त्यांच्या शेजारी बसले, मी मागे. लॅपटॉपवर आकड्यांच्या रांगा येत होत्या.

"हे बघा," दामले म्हणाले, "हा कंप्युटर दर क्षणी चारी चाकांना विचारतो, हवा किती? उत्तर येत नाही. म्हणून घाबरतो आणि ओरडतो. आता याला सांगायचं, की ही स्प्रिंगांची गाडी आहे, हवेचं विचारू नकोस."

मामांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. इतका विजयी चेहरा मी निवडणुकीतही पाहिलेला नाही. "मी काय बोल्लो? महिनाभर काय बोल्लो?"

मी हात जोडले. महिनाभर आख्ख्या गल्लीत एकच माणूस बरोबर होता, आणि तो बॉनेटशी बोलणारा.

दामल्यांनी आणखी काही कळा दाबल्या. "जुन्या तक्रारीही पुसून टाकतो."

मामांचा चेहरा बदलला. "मंग त्याला आठवल काय, कदी हवा व्हती?"

"नाही. त्याच्या लेखी ही गाडी पहिल्यापासून स्प्रिंगांचीच."

"रागावनार नाय?"

"कंप्युटर आहे हो तो."

"इतका सोपा हाय," मामा स्वतःशीच म्हणाले.

दामल्यांनी केबल काढली आणि किल्ली फिरवायला सांगितलं. इंजिन सुरू झालं. लाल दिवा नाही, ओरडणं नाही. मामांनी कागद सोलून काढला, घडी केली आणि खिशात ठेवला.

आता काही सबब उरली नव्हती. तरी मामांनी आठवडा काढला. गाडी धुतली. पुन्हा धुतली. गाद्यांवर फुलाफुलांचं कापड शिवून घातलं. पाटाला रबर ठोकलं. आय रोज विचारत होती, मामा रोज 'येल' म्हणत होते. पुढच्या रविवारी मी स्वतःच त्यांच्या दारात गेलो आणि म्हणालो, "मामा, चला. मी येतो बरोबर." मला सुट्टीच्या दिवशी दुपारी झोपायचं असतं, हे इथे नोंदवून ठेवतो.

आयला पाटावरून आत बसवलं. मामांनी गाडीला सांगितलं, "आय बसली. सांभाळून." गाडी निघाली. आय कान देऊन बसली होती. थोड्या वेळाने म्हणाली, "आज रडत नाय."

"नाय. तिला सांगितला."

धक्क्यावर भरतीचं पाणी पायऱ्यांना लागलं होतं. दोन-चार होड्या हलत होत्या. मामांनी आयच्या बाजूचं दार उघडलं आणि स्वतः बाहेर उभे राहिले. घसा खाकरला. पाण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी मागच्या सीटवर फुलं मोजू लागलो.

"आय," मामा म्हणाले. खाडीपलीकडे पोचणारा तो आवाज मला दोन हातांवरूनही नीट ऐकू येत नव्हता. "होरी इकली मी."

आय पाण्याकडेच बघत होती. "ठाव हाय."

"कवापासना?"

"तुज्या कपड्यांना मासलीचा वास यायचा बंद झाला, तवापासना."

मामा गाडीला धरून उभे राहिले. "मंग रोज इचारत का व्हतीस?"

"तू सांगशील म्हनून," आय म्हणाली. मग तिने हात लांब करून त्यांच्या शर्टाचं सुटलेलं बटण लावलं. "चल आता. वारा लागतो."

परतताना मला मामांसाठी मनापासून आनंद वाटत होता, आणि एक कटकट संपली म्हणून स्वतःसाठीही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कचेरीतून आलो तर दिवे लागले होते आणि मामा अंगणात गाडीत एकटेच बसले होते. दार उघडं, किल्ली फिरवलेली, गाडी गप्प. मी पिशवी मांडीवर घेऊन त्यांच्या शेजारी बसलो.

"आज इचारला नाय तिने," मामा म्हणाले.

"चांगलं झालं की, मामा. सुटलात."

"हां." त्यांनी लाल दिव्याच्या जागेवर बोट फिरवलं. कागदाचा डिंक अजून तिथे होता. "तीन वरसं रोज बोल्लो, येल. खोटाच बोल्लो. पन तेवडा बोल्लो का, मनापन वाटायचा रं, येल."

माझ्या घरातून चहाचा वास येत होता, पाठ दुखत होती, आणि या माणसाला असं सोडून उठवत नव्हतं. माणूस इतका एकटा असू शकतो हे शेजारी राहूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं, याची मला लाज वाटली.

मी दाराबाहेर बघत विचारलं, "मामा, होरी आयली काय?"

मामा चमकून माझ्याकडे वळले. मग पुढे काचेतून खाडीच्या दिशेने नजर लावून, हळूच म्हणाले,

"येल. भरती होऊंदे."