भावी परिचारिकेचा जाहीर सत्कार

टोकावड्याच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून आत असलेल्या एका वाडीत, दिपिका नावाच्या मुलीने बारावी सायन्सचा शेवटचा पेपर देऊन आल्यावर चुलीपुढे भाकरी खाता खाता आईला सांगितले की, आपल्याला नर्स व्हायचे आहे. घडले ते एवढेच. यात कोणताही कायदा मोडला गेला नव्हता आणि कोणाच्या भावनाही दुखावल्या नव्हत्या. मुलीने बेत नीट आखला होता. आधी नर्सिंगची सीईटी, मार्क चांगले पडले तर सरकारी कॉलेज, मग चार वर्षांचे शिक्षण, मग नोकरी. खाजगी कॉलेजचा विचार घरच्यांना झेपणारा नव्हता, म्हणून सारा भार त्या एका परीक्षेवर होता. ही गोष्ट चुलीपुढेच राहिली असती तर पुढचे सगळे सुरळीत पार पडले असते.

पण दिपिकाची आई मीना दुसऱ्या दिवशी बोअरिंगवर पाण्याला गेली आणि हंडा भरता भरता बोलून गेली, "आमची पोर नर्स व्हायचं म्हणते." हंडा घरी पोचायच्या आत पोर नर्स झाली होती.

संध्याकाळी शेजारची लहानी आजी काठी टेकत ओट्यावर आली.

"कुठं हाय गो नर्सबाई?"

"आजी, मी नर्स नाय झाले अजून. परीक्षा द्यायचीय, मग चार वर्षं शिकायचंय."

"शीक ना गो, शीक. कोण नको म्हणतंय? तवर माझा गुडघा बघ."

"मला नाय बघता येत, आजी."

"डोळं हायेत ना? मग बघ."

दिपिकाने गुडघा बघितला. आजीला लगेच बरे वाटले. चूक झाली ती इथे.

वाडीत आरोग्य उपकेंद्र नव्हते असे कोणी समजू नये. होते. त्याला इमारत होती, पाटी होती, दरवर्षी नवा रंग होता आणि भक्कम कुलूप होते. तिथल्या सिस्टरची बदली झाली होती. तिच्या जागी दुसरीची नेमणूक झाली होती आणि त्या दुसरीला लगेच प्रतिनियुक्तीवर तिसरीकडे धाडले होते. त्यामुळे दप्तरात जागा भरलेली होती आणि वाडीत खुर्ची रिकामी होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे शिकायला शहरातल्या लोकांना पदव्या घ्याव्या लागतात. वाडीतल्या लोकांना नुसते कुलूप बघून कळते.

अशा वाडीत नर्स व्हायची इच्छा असलेली मुलगी निघाली, तर ती वाया घालवणे कोणालाच परवडणारे नव्हते. ताप, खोकला, कापलेले बोट, विंचू, जावयाची ॲसिडिटी, सगळे ओट्यावर येऊ लागले. दिपिका प्रत्येकाला एकच सांगे, "दवाखान्यात जा." हा सल्ला इतका अचूक निघाला की तिची कीर्ती वाढली. जीवशास्त्राचे पुस्तक मांडीवर उघडे असायचे आणि त्यावर कोणाचा तरी सुजलेला पाय ठेवलेला असायचा.

ही कीर्ती हरेशभाऊंच्या कानावर गेली.

हरेशभाऊ म्हणजे पंचक्रोशीतले भावी जिल्हा परिषद सदस्य. गेल्या तीन निवडणुकांपासून ते भावी होते, आणि या पदावर त्यांची पकड इतकी घट्ट होती की तिथून त्यांना कोणी हलवू शकत नव्हते. त्यांनी ओट्यावर येऊन दिपिकाकडे कौतुकाने पाहिले आणि म्हणाले, "तू आपल्यातलीच झालीस गो. भावी."

चार दिवसांत फाट्यावर बॅनर लागला. वर नेत्यांचे फोटो, मध्ये गॉगल लावून फोनवर बोलणारे हरेशभाऊ, खाली शुभेच्छुकांची रांग आणि अगदी कोपऱ्यात, रेशनकार्डावर मावेल एवढी दिपिका. मजकूर असा होता : 'नर्सिंग क्षेत्रात जाण्याचा विचार केल्याबद्दल वाडीची भावी परिचारिका कु. दिपिका हिचे हार्दिक अभिनंदन!'

"भाऊ, मी अजून कायच केलं नाय," दिपिका म्हणाली.

"मग मी काय केलंय?" हरेशभाऊ प्रांजळपणे म्हणाले. "माझे किती बॅनर लागले!"

बॅनर माळशेजच्या रस्त्यावर असल्याने तो सर्वदूर वाचला गेला. एका ढाब्यावरचा भाजलेला आचारी आला. एस.टी. लागलेली प्रवासी बाई आली. शहापूरकडून एक स्थळही आले. मुलगा आसनगावला राहून कल्याणला नोकरीला जाणारा, स्वभावाने गरीब. सोबत आलेल्या मामांनी अट एकच सांगितली, "पोरगी नर्सच पायजे आमाला. पण नोकरी करनारी नको."

"मग नर्स कशाला?" मीनाने विचारले.

"मुलाच्या आईला शुगर हाय. बापाला बीपी. आजीला दोनी."

ते स्थळ मीनाने चहा पाजून परत पाठवले, पण जाता जाता मामांनी स्वतःचा घसा दिपिकाला दाखवून घेतलाच.

यापुढचे पाऊल शासनाने उचलले. ग्रामसभेने उपकेंद्रासाठी सिस्टर मागणारा ठराव वर पाठवला होता. दरवर्षी पाठवायचे. दरवर्षी उत्तर यायचे नाही. यंदा आले. 'सदर वाडीत भावी परिचारिका उपलब्ध असल्याचे मुख्य रस्त्यावरील फलकावरून निदर्शनास आले आहे. सबब मागणीची निकड उरलेली नाही.' ग्रामसेवकाने ते मोठ्याने वाचले तेव्हा काहींनी टाळ्या वाजवल्या. सरकारने आपल्या पोरीची दखल घेतली होती.

आता दिपिका परीक्षेला गेली तर वाडीचे कसे होणार, असा प्रश्न उभा राहिला. परीक्षेचे केंद्र कल्याणला आले होते. पहाटे घाटाकडून येणारी पहिली एस.टी. फाट्यावर पकडायची आणि वेळेआधी पोचून केंद्राच्या गेटपाशी उभे राहायचे, असे दिपिकाने ठरवले होते. गेट एकदा बंद झाले की उघडत नाही, हे तिने आईला पुन्हा पुन्हा सांगितले होते. या वर्षी चुकले की वर्ष गेले, आणि वर्ष गेले की शहापूरचे मामा पुन्हा येणार, हे तिला सांगावे लागले नव्हते.

तेव्हा हरेशभाऊंनी जाहीर केले, "पोर चाललीय तर सत्कार करूनच पाठवू. परीक्षेच्या दिवशी सकाळी. साहेब येनारेत."

"भाऊ, परीक्षेनंतर करा ना," दिपिका काकुळतीला आली.

"नंतर? अगो, नंतर निकाल काय लागंल कोनाला ठाऊक? सत्कार आधीच झालेला बरा."

या युक्तिवादापुढे कोणाचे काही चालेना.

"आनि एस.टी.ची काळजी सोड. माझी गाडी हाय. हा चंदर तुला नेऊन सोडंल, एकदम गेटला."

चंदर म्हणजे हरेशभाऊंचा ड्रायव्हर. त्याने मान डोलावली.

परीक्षेच्या दिवशी उजाडायच्या आत मंडपात माईक लागला. दिपिकाला स्टेजवर बसवून अंगावर शाल आणि मांडीवर नारळ ठेवण्यात आला. तो फक्त ठेवण्यात आला होता. तो अधिकृतपणे देणे साहेबांच्या हस्ते व्हायचे होते, आणि साहेब 'निघालेत' होते. ज्यांना या भागाची सवय आहे त्यांना माहीत आहे की, साहेब निघालेत म्हणजे आंघोळीला निघालेत.

मग मान्यवरांची ओळख झाली. मग ओळख करून देणाऱ्याची ओळख झाली. फाट्यावरून पहिल्या एस.टी.चा हॉर्न ऐकू आला. दिपिका अर्धी उठली.

"बस गो," मागून कोणीतरी म्हणाले. "सत्कारमूर्तीनं उठायचं नसतं."

एस.टी. गेली. ऊन मंडपाच्या कडेवर आले. तिने वाकून चंदरला खूण केली. तो जवळ येऊन कुजबुजला, "चावी भाऊंकडं हाय. भाऊ माईकवर हायेत."

हरेशभाऊ बराच वेळ माईकवर होते. साहेब येईपर्यंत पेढ्यांचा पुडा उघडायचा नाही आणि साहेबांनी पेढा भरवेपर्यंत यजमानाने तोंडात काही घालायचे नाही, हा वाडीच्या कार्यक्रमांचा अलिखित नियम होता. भाऊंनी सकाळी शुगरची गोळी मात्र नियमाने घेतली होती. बोलता बोलता त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि वाक्ये भलतीकडे जाऊ लागली. भाषणात त्यामुळे विशेष फरक न पडल्याने कोणाच्या लक्षात आले नाही. ते मटकन खाली बसले तेव्हा मात्र गलका झाला.

"नर्सला बोलवा रे! नर्स कुठं हाय?"

नर्स त्यांच्याच शेजारी नारळ घेऊन बसली होती.

"भाऊ, गोळी घेतली सकाळी?"

"घे... घेतली."

"खाल्लं काय?"

"साहेब आल्याबिगर कसा खानार?"

दिपिकाने पेढ्यांच्या पुड्याची दोरी तोडली. "अगो, साहेब यायचेत अजून!" कोणीतरी ओरडले. तिने दोन पेढे भाऊंच्या तोंडात घातले आणि चंदरकडे वळून म्हणाली, "दवाखान्यात न्यायला लागंल. गाडी काढ."

परीक्षेसाठी जी चावी मिळत नव्हती, ती भाऊंच्या खिशातून आता चौघांनी मिळून काढली. गाडी निघाली. मागच्या सीटवर भाऊ आडवे, त्यांच्या उशाला शाल पांघरलेली, नारळ आणि पेढ्यांचा पुडा मांडीवर घेतलेली सत्कारमूर्ती.

वाटेतल्या पहिल्या दवाखान्यात डॉक्टर मीटिंगला गेले होते. शिपायाने गाडीत डोकावून पाहिले आणि एका चिठ्ठीवर लिहून दिले, 'पुढे न्या.'

मुरबाड येईपर्यंत भाऊ उठून बसले. आणखी दोन पेढे मागून खाल्ले. "मी बरा हाय," ते म्हणाले. "चंदर, गाडी फिरव. साहेब येतील."

"एकदा दाखवून घ्या ना, भाऊ," दिपिका म्हणाली. तिच्या आवाजात काळजी होती. ती कशाची होती हे तिने स्पष्ट केले नाही.

दुसऱ्या दवाखान्यात एक दमलेला कर्मचारी होता. त्याने भाऊंची शुगर तपासली. ती ठीक होती.

"बघ," भाऊ म्हणाले. "आता मना घरी जाऊ दे."

"ते आमच्या हातात नाही," कर्मचारी म्हणाला. "चिठ्ठीवर 'पुढे न्या' लिहिलंय. पेशंट ठेवून घ्यायचा तर बेड लागतो. परत पाठवायचा तर डॉक्टरांची सही लागते. पुढे पाठवायला काहीच लागत नाही."

"अरे, पन मी बरा हाय! तिथं मंडपात माझा कार्यक्रम हाय! साहेब निघालेत!"

कर्मचाऱ्याने चिठ्ठीवर एक ओळ वाढवली : 'पेशंट असंबद्ध बडबडतो. तातडीने पुढे न्या.'

आमच्या तालुक्यांत वेळेवर चालणारी एकच वाहतूक आहे, आणि ती ही. तिला थांबे नाहीत, तिला तिकीट नाही, आणि मुंबई येईपर्यंत ती कोणाला उतरू देत नाही. तातडीचा पेशंट म्हटल्यावर चंदरने पार्किंग लाइट लावले, हॉर्नवर हात ठेवला आणि ट्रक बाजूला होत गेले. भाऊ खिडकीतून हात हलवून "मी बरा हाय" असे ओरडत होते. रस्त्यावरचे लोक त्यांना ओळखून नमस्कार करत होते.

कल्याणात केंद्रासमोर दिपिका म्हणाली, "चंदरदादा, जरा थांब." गेटवरचा माणूस साखळी ओढतच होता. तिने धाव घेतली. त्याने आडवा हात केला.

"नारळ आत चालत नाही."

"कुठं लिहिलंय?"

त्याने सूचना वाचल्या. मोबाईल, घड्याळ, कॅल्क्युलेटर, दागिने. नारळ नव्हता. तो विचारात पडला, आणि तेवढ्यात तिने नारळ आणि शाल गाडीत भाऊंच्या मांडीवर नेऊन ठेवली आणि परत येऊन आत शिरली. तिच्या मागे गेटची साखळी लावली गेली. सत्काराचे साहित्य मांडीवर घेऊन हरेशभाऊ पुढच्या, आणखी मोठ्या दवाखान्याकडे रवाना झाले. चिठ्ठीवर आता लिहायला जागा उरली नव्हती.

इकडे दुपारी साहेब आले. मंडप होता, हार होता, सत्कारमूर्ती नव्हती. पण आलेला हार परत नेण्याची पद्धत नसल्यामुळे तो फाट्यावरच्या बॅनरवर, दिपिकाच्या फोटोला घालण्यात आला. रस्त्याने जाणारा एक म्हातारा हळहळून थांबला. लहानी आजीने त्याला समजावले, "अरे, ती परीक्षेला बसलीय. हार माझ्या गुडघ्याला घाला म्हनत होते मी, पन कोनी ऐकलं नाय."

परीक्षा कशी झाली हे निकाल लागेल तेव्हा कळेल. भाऊंनी मुंबईहून डिस्चार्ज मिळण्यापूर्वीच फोनवर पुढचा बॅनर सांगून ठेवला आहे. दिपिकाने घरी आल्यावर आईला एवढेच सांगितले, की हॉलमध्ये तिच्या रांगेत बऱ्याच खुर्च्या रिकाम्या होत्या. कोणी कसाऱ्याकडची, कोणी शहापूरची, कोणी आणखी कुठली. त्या मुली का आल्या नाहीत ते तिला कळले नाही.

आम्हाला कळले आहे. त्यांच्या गावचे सत्कार व्यवस्थित पार पडले. कोणालाही चक्कर आली नाही.

तेव्हा उद्या तुम्ही दवाखान्याच्या खाटेवर असाल, सलाइन संपत आलेले असेल, उशाची बेल तुम्ही दाबत असाल आणि सिस्टर येत नसेल, तर चिडू नका. ती कुठेतरी शाल पांघरून, मांडीवर नारळ घेऊन साहेबांची वाट बघत बसली आहे. आणि दुसऱ्या रांगेत बसून जोरजोरात टाळ्या वाजवणारा तो माणूस आहे ना, त्याच्याकडे नीट बघा. चेहरा ओळखीचा वाटेल. आज सकाळीच आरशात पाहिलेला.