बावतीसकाका आणि नापास पेले

बावतीसकाकांच्या हातात कोणी चहा दिला, की ते आधी कप डोळ्यांच्या वर धरतात आणि त्याचं बूड तपासतात. कप भरलेला असतो. गेल्या अकरा वर्षांत या सवयीपायी त्यांचे तीन शर्ट आणि एक गालिचा खराब झालेला मी पाहिला आहे. गालिचा इथे कुवेतमध्ये, रुमैथियातल्या एका बँकवाल्या मराठी कुटुंबाचा होता. त्यांच्याकडे गणपतीचं आमंत्रण होतं. कप नीट धुतला आहे की नाही हे पाहुणा बघतो आहे, असं यजमानीणबाईंना वाटलं आणि त्यांचा चेहरा उतरला. काकांनी खिशातला छोटा टॉर्च काढून खात्री करून घेतली आणि धीर दिल्यासारखं म्हणाले, "नापास. पण तुमचा दोष नाही, वहिनी. हा तो नव्हेच."

'तो' म्हणजे येशू ख्रिस्ताने शेवटच्या भोजनात वापरलेला पेला. युरोपातल्या जुन्या कथांमध्ये चिलखतं घातलेले सरदार तो शोधत रानोमाळ हिंडतात. बहुतेकांना तो सापडत नाही. काहींचा घोडाही जातो. काकांकडे घोडा नाही. कासमभाईंची पिकअप आहे.

बावतीस लोपीस, मुक्काम मूळचा वसई, वय साठच्या पुढे, हुद्दा वेल्डिंग इन्स्पेक्टर. अब्बासियातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघे राहतो: काका, मी आणि दापोलीचे कासमभाई. कासमभाई वफ्राच्या शेतांवरून भाजी उचलून दुकानांना पोचवतात. तिघांचीही कुटुंबं गावी आहेत. फोन ठेवल्यावर एखादा गप्प बसला, तर त्याला काही विचारायचं नाही, हा आमच्या फ्लॅटचा एकमेव नियम आहे आणि तो काटेकोरपणे पाळला जातो.

पेल्याच्या गोष्टी काकांनी शाळेत ऐकल्या. शिक्षा म्हणून मागे थांबवलेल्या मुलांना एक फादर त्या सांगत असत, आणि काका जवळजवळ रोज मागे थांबत. सरदारांबद्दल त्यांचं मत चांगलं नाही. "सर्व्हेच चुकीचा," ते म्हणतात. "जेरुसलेम इथून जवळ की इंग्लंड?" इथल्या फैलाका बेटावर एका फार जुन्या चर्चचे अवशेष आहेत, हे खरं आहे. पुढचं सगळं काकांचं. कोणी साधूने पेला फैलाकाला आणला, मोती काढणाऱ्यांनी तो किनाऱ्यावर नेला, आणि कुवेतमधली प्रत्येक वस्तू शेवटी जिथे पोचते तिथे, म्हणजे शुक्रवारच्या बाजारात, तोही पोचला.

इथे सुट्टी शुक्रवारी असते, म्हणून चर्चमधली रविवारची प्रार्थना, म्हणजे मिस्साही, शुक्रवारी होते. काका मिस्सेहून थेट जुन्या बाजारात जातात. तिथे एका अंगाला मोडके पंखे, दुसऱ्या अंगाला पिंजऱ्यातले पोपट, आणि मध्ये व्हर्नियर कॅलिपर घेऊन उकिडवे बसलेले बावतीसकाका. दुकानदार त्यांना 'मुहंदिस', म्हणजे इंजिनियरसाहेब, म्हणतात आणि दूरवरून कप दाखवतात.

आणलेला प्रत्येक पेला घरी पुन्हा तपासला जातो आणि त्याला साइटवरचा लाल टॅग लागतो. सध्या एकतीस पेले आहेत. टॅगवर कारण लिहिलेलं असतं. 'कान नंतर जोडला आहे.' 'बुडावर मेड इन चायना.' 'आत वेलचीचा वास.' एका टॅगवर नुसतं 'विक्रेता दोनदा खोटं बोलला' असं आहे. ज्या विक्रेत्याच्या सच्चेपणाबद्दल शंका आली, त्याचा पेला पवित्र असणार नाही, हे तर्कशास्त्र साध्या माणसाला झेपणारं नाही.

"काय वो बावतीसभाय, आज काय गावला काय?" कासमभाई दर शुक्रवारी विचारतात.

"नापास."

"अवो, देवाने लपवलाय म्हंजे काहीतरी विचार करूनच लपवला असंल ना!"

"कासम, तू टोमॅटो बघ."

काकांचा खरा राग एका तरुण सरदारावर आहे. हा सरदार फिरत फिरत एका किल्ल्यात पोचतो. तिथला राजा जखमी आहे; जखम वर्षानुवर्षं भरत नाही. डोळ्यांसमोरून पेला नेला जातो. 'तुम्हाला काय होतंय?' एवढंच सरदाराने विचारलं, की राजा बरा होणार. पण फार प्रश्न विचारणं असभ्य, असं त्याला शिकवलेलं असतं. तो गप्प जेवतो आणि झोपतो. सकाळी किल्ला रिकामा.

"एक प्रश्न!" इथे काका पोळीचा तुकडा ताटात आपटतात. "तोंडाला कुलूप? गाढव! पूर्ण जॉब फेल!"

हे भाषण मी निदान चाळीसदा ऐकलं आहे. ते संपतं तेव्हा बहुधा पाच वाजत आलेले असतात, आणि पाच वाजता काका वसईला फोन लावतात. तो फोन चार मिनिटांचा असतो. "नताली? पाणी आलं? मोटर चालली? गोळी सकाळची? संध्याकाळची? प्रेशर किती? बरं. ठेवतो." वेल्डिंगचा जोडही ते याच क्रमाने तपासत असावेत.

नतालीकाकू दोन वर्षांपूर्वी मागच्या अंगणात पडल्या. हाड जुळलं. डॉक्टर म्हणतात, सगळं ठीक आहे, चालायला हरकत नाही. त्या खाटेवरून उठत नाहीत. फोनवर 'हं' म्हणतात. काकांनी यावर उपाय म्हणून पेला ठरवला. त्यातून पाणी पाजलं की माणूस बरा होतो, असं कथेत आहे. त्याआधीही ते पेला शोधत होते, पण छंद म्हणून. आता त्याला डेडलाइन आली. कंपनीने त्यांना निवृत्त केलं, इकामा म्हणजे राहण्याचा परवाना संपत आला आणि मेअखेरचं तिकीट हातात पडलं.

"रिकाम्या हाताने कसा जाऊ?" एवढंच ते म्हणाले. नियम होता, म्हणून आम्ही पुढे काही विचारलं नाही. प्रश्न विचारणं हा एके काळी माझा धंदा होता. मी वर्तमानपत्रात होतो.

शेवटच्या शुक्रवारी कासमभाईंनी बातमी आणली. वफ्राच्या एका शेतावर खणताना दगडी पेला निघाला होता. करीम नावाच्या बांगलादेशी कामगाराने तो ठेवून घेतला होता. काकांनी मिस्सेचे कपडे न बदलता कॅलिपर घेतला. आम्ही तिघे पिकअपमध्ये दाटीवाटीने बसून दोन वाजता पोचलो. ऊन असं होतं, की ग्रीनहाऊसच्या प्लास्टिककडेही बघवत नव्हतं.

पेला कबुतरांच्या खोपटात होता. काकांनी त्यातलं पाणी ओतलं, पिसं काढली, टॉर्च मारला. ते बराच वेळ बूड पाहत होते. आत बुडाशी मशीनने पाडलेली गोल खाच होती आणि तिच्याभोवती सिमेंट. तो पेला नव्हता. कुठल्या तरी बंगल्याच्या कुंपणावरचा शोभेचा कळस उलटा करून ठेवला होता.

कासमभाईंच्या ओठांवर टोमणा आला होता. तो त्यांनी गिळला.

काकांनी खिशातून लाल टॅग काढला. पेन काढलं. काही लिहिलं नाही. खोपटाच्या सावलीत ते मातीत, मिस्सेच्या पांढऱ्या पँटसकट, खाली बसले.

करीम आत गेला आणि लबनच्या, म्हणजे इथल्या ताकाच्या, रिकाम्या प्लास्टिक डब्यातून पाणी घेऊन आला. त्यांच्यासमोर उकिडवा बसला. त्याला आमच्या फ्लॅटचा नियम ठाऊक नव्हता.

"चाचा," तो म्हणाला, "क्या तकलीफ है आपको?"

काकांनी डबा घेतला. त्याचं बूड पाहिलं नाही. सगळं पाणी प्यायले. मग या अनोळखी माणसाला मोडक्या हिंदीत सांगू लागले: बायको उठत नाही. बोलत नाही. मी छत्तीस वर्षं बाहेर. पहिल्यांदा सोडून आलो तेव्हा ती दारात उभी होती, मी विचारलं, गॅसचा नंबर लावलास का. पडली तेव्हाही फोनवर विचारलं, एक्स-रे काढला का.

"उनको पूछा?" करीमने विचारलं. "क्या तकलीफ है?"

काका त्याच्याकडे पाहत राहिले. शाळेत मागे थांबवलेल्या मुलासारखे.

उन्हं कलल्यावर आम्ही परत निघालो. पाच वाजता काकांनी गाडीतूनच फोन लावला. मी सवयीने घड्याळ पाहिलं.

"नताली? पाणी..." ते थांबले. मग खिडकीकडे तोंड करून, फार हळू म्हणाले, "नताली, तुला काय होतंय गं?"

कासमभाईंनी एसीचा पंखा बंद केला. गाडी तापू लागली. मग फोनमधून एक बारीक आवाज आला, आणि तो 'हं' नव्हता. तो थांबला, पुन्हा सुरू झाला, आणि थांबेना. काका ऐकत होते. नुसती मान हलवत होते, जणू ती नतालीकाकूंना दिसते आहे.

अब्बासियाचं वळण आलं. कासमभाईंनी ते घेतलं नाही. पिकअप सरळ पुढे नेली.