हिरव्या पानांवरचे उपचार

बायको चहा घेऊन गॅलरीत आली तेव्हा शेडमास्तर टोमॅटोच्या कुंड्यांपुढे उकिडवे बसले होते. एक पान चिमटीत धरून ते उजेडाकडे करून बघत होते, आणि चेहरा असा होता की घरात कुणीतरी अत्यवस्थ आहे.

"पिवळी पडायला लागलीत," ते म्हणाले.

तिने पाहिलं. पानं हिरवीगार होती. बी पेरण्यापासून तिनेच ती रोपं वाढवली होती, आता कुठे पहिली फळं धरली होती. तरीही ती म्हणाली, "हो, जराशी."

याला कारण होतं. मास्तरांचं रंगाचं दुकान होतं आणि शेडमास्तर हे नाव त्यांना गिऱ्हाइकांनीच दिलं होतं. जुन्या भिंतीचा पोपडा आणून द्यावा, त्यांनी तो निरखावा आणि डब्यात थेंब थेंब टाकत नेमका तोच रंग उतरवावा, अशी त्यांची ख्याती. रंग मिसळायचं यंत्र त्यांनी दुकानात येऊ दिलं नव्हतं. पण अलीकडे त्यांचा पांढरा पिवळट निघायचा आणि निळ्याचं तर काही खरंच नव्हतं. ते जेवायला घरी गेले की मुलगा गुपचूप डबा उघडून रंग दुरुस्त करायचा. आईला त्याने बजावून ठेवलं होतं, "बाबांना कळता कामा नये. नजर गेली म्हटलं तर हाय खातील." त्यामुळे हिरव्याला हिरवं म्हणायची घरात सोय उरली नव्हती.

मास्तरांनी उपचार सुरू केले. पहिलं निदान, पाणी जास्त झालंय. पाणी तोडलं. रोपांनी माना टाकल्या, तर तेही त्यांनी रोगाच्या लक्षणांत धरलं. दुसरं निदान, लोह कमी पडतंय. रोपवाटिकेतून औषध आणलं. बादलीभर पाण्यात चमचाभर टाका असं बाटलीवर लिहिलं होतं, पण मास्तरांनी ते अंदाजाने ओतलं, कारण थेंबांचा अंदाज आपला कधी चुकत नाही हा त्यांचा विश्वास होता. मग खत झालं, साबणाचं पाणी झालं. रोज सकाळी दुकानातलं रंगछटांचं शेडकार्ड आणून ते पानाला लावून बघायचे आणि "कालच्यापेक्षा अर्धी शेड उतरलंय," असं खालच्या आवाजात सांगायचे.

खालच्या मजल्यावरची शेजारीण साखर मागायला आली, तर तिलाही मत द्यायला गॅलरीत नेलं. "किती छान हिरवी आहेत," ती म्हणाली. मास्तरांच्या पाठीमागून बायकोने डोळे वटारले. "म्हणजे, पिवळ्यातली हिरवी," शेजारणीने सावरून घेतलं आणि साखर न घेताच ती निघून गेली.

अखेर एका दुपारी मास्तरांनी हात टेकले. हा साथीचा रोग आहे, शेजारणीच्या कुंड्यांना लागण व्हायच्या आत रोपं उपटली पाहिजेत, असा निकाल त्यांनी दिला. "तुझा जीव आहे त्यांच्यात, कळतं मला," ते म्हणाले. त्यांना खरोखरच वाईट वाटत होतं.

बायको कपड्यांच्या घड्या घालत राहिली. खरं सांगावं तर नवरा खचणार, न सांगावं तर रोपं जाणार. टॉवेलची तीच घडी तिसऱ्यांदा मोडली आणि तिने तोंड उघडलं.

"अहो, मला ती पानं पहिल्यापासून हिरवीच दिसतात. तुमचं मन मोडू नये म्हणून मी पिवळी म्हणत होते. माझ्या डोळ्यांना काहीतरी झालंय."

यातलं शेवटचं वाक्य सोडलं तर सगळं खरं होतं.

मास्तरांचा चेहरा उतरला. "आणि इतके दिवस अंगावर काढलंस?" उपटाउपटी तशीच राहिली. ते तिला तडक डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन निघाले. ती पडेल म्हणून जिन्यात त्यांनी तिचा हात घट्ट धरला होता. शेवटची पायरी त्यांनाच दिसली नाही, तेव्हा तिने त्यांना सावरलं.

डॉक्टरीणबाईंनी तिची नजर तपासली आणि उत्तम असल्याचं सांगितलं. मास्तरांना ते पटेना. पुन्हा बघा, हिला पिवळं हिरवं दिसतं, असं ते परत परत सांगू लागले. डॉक्टरीणबाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"काका, आलाच आहात तर तुम्हीही बसा."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि चांगला पिकला होता. "सगळं पिवळट दिसत असेल ना?" त्यांनी विचारलं.

"सगळं नाही," मास्तर गंभीरपणे म्हणाले. "फक्त टोमॅटो."

एका डोळ्याचं ऑपरेशन आधी झालं. या धावपळीत कुंड्यांत ओतलेलं औषध आणि खत मात्र आपलं काम करत होतं. खालची पानं खरोखर पिवळी पडली, त्यांच्या कडा करपल्या. जीव होता तो फक्त शेंड्यांना.

पट्टी निघाली त्या दिवशी मास्तर रस्त्यात जागोजागी थांबत होते. एका डोळ्यावर हात ठेवून भिंती बघायचे, मग दुसऱ्यावर ठेवून त्याच भिंती बघायचे.

"इतक्या महिन्यांत एकही डबा परत आला नाही," ते म्हणाले. "पोरगा निस्तरत होता?"

"तुमच्यावरच गेलाय," ती म्हणाली.

मास्तर कधी रेंगाळत, कधी भरभर चालू लागले. त्यांना लाज वाटत होती आणि पोराचं कौतुकही वाटत होतं, हे तिला नुसत्या चालण्यावरून कळलं.

घरी आल्यावर चपला काढून ते थेट गॅलरीत गेले. त्यांना अडवावं असं तिला फार वाटलं, पण काय सांगून अडवणार? ते उकिडवे बसले. पान चिमटीत धरून नव्या डोळ्याने त्यांनी ते उलटसुलट पाहिलं. शेडकार्डाची गरज नव्हती.

"तुला कशी दिसतात?" मागे न वळता त्यांनी विचारलं.

खरं बोलायची संधी तिला इतक्या दिवसांनी आयती चालून आली होती.

"हिरवी," ती म्हणाली.

मास्तरांनी नव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि जुन्या, सगळं पिवळं दाखवणाऱ्या डोळ्याने रोपांकडे शांतपणे पाहिलं.

"हो," ते म्हणाले, "हिरवीच आहेत."

मग ती त्यांच्या शेजारी बसली, आणि दोघांनी मिळून ती हिरवी पानं एकेक करून खुडायला घेतली.