फेट्यावरचा डाग

हे मला लिहायचं नव्हतं. ज्येष्ठ नागरिक संघाच्या अंकासाठी रंगरावाने सहा वेळा फोन केला. म्हणे, "ती फोटोची भानगड लिहा, लोक हसतील." हसा! माझ्यासारख्या चौथी पास माणसाकडून आणखी काय मिळणार?

आमच्या लग्नाचा एकच फोटो. त्यात माझ्या डोक्यावर फेटा आहे. माझा मेव्हणा मच्छिंद्र पन्नास वर्षं गावभर सांगत फिरतोय, की मंगलाष्टकं चालू असताना दाजींचा फेटा सुटला आणि दाजी टोपीवर बोहल्यावर उभे राहिले. साफ खोटं! पुरावा फोटोत आहे, पण ओलीचा डाग नेमका फेट्यावर. (ओलीलासुद्धा दुसरी जागा मिळाली नाही.)

लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून बिबवेवाडीत हॉल घेतला. मी एवढंच म्हणालो, "डाग काढा आणि फोटो मोठा करून स्टेजवर लावा." एकदाचं मच्छिंद्रचं तोंड बंद करायचं होतं.

पण मुलगा रणजित आणि सून स्पृहा, दोघंही कॉम्प्युटरवाले.

"अप्पा, माझ्या सॉफ्टवेअरमध्ये पाच मिनिटांत होईल," सून म्हणाली.

"दर महिन्याला पैसे भरून पाच मिनिटं?" रणजित म्हणाला. "माझं फुकटचं तीन मिनिटांत करतं."

"फुकटचं आहे, ते दिसतंच!"

पैज लागली. हरेल त्याने महिनाभर भांडी घासायची. पाच मिनिटांचं काम आठ दिवस चाललं. तिने एक डाग काढला की हा दोन काढायचा. तिने माझा चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा गुळगुळीत केला, तर हा म्हणतो, "यात अप्पांचं नाक कुठंय?" (खडकीच्या कारखान्यात आम्ही चौघा कामगारांनी एका लेथ मशीनवर पस्तीस वर्षं काढली. लेथवरून कधी कोणी भांडलं नाही.) शेवटी मी फोटो बघायला मागितला, तर दोघंही एका सुरात, "सरप्राइज आहे!" तेवढ्यापुरती एकी.

निकाल माझ्या बायकोने, आनंदीबाईने दिला. रणजित जिंकला.

समारंभात पडदा सरकला. सहा फुटी फोटो. शालू नेसलेली आनंदीबाई, मागे गुलाबांचा ताटवा, आणि शेजारी कोणी नाही! डागाला लागून फेटा, फेट्याखाली मी. त्या फुकटच्या सॉफ्टवेअरने सगळ्यालाच डाग समजून पुसून टाकलं. दोघं आठ दिवस डाग शोधत होती, बाप कुणी शोधला नाही!

मच्छिंद्रने चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. "दाजी, फेट्याचं राहू द्या. लग्नाला तरी आला होतात ना?"

सगळा हॉल हसला. मी खिशातून मूळ फोटो काढून नाचवला. त्यावर डाग जागच्या जागी.

घरी आल्यावर रणजितने माफी मागितली. स्पृहानेही मागितली, भांडी घासता घासता. मग मी आनंदीबाईला विचारलं, "छपाईला जायच्या आधी तू बघितला होतास ना?"

"बघितला की."

"मग?"

"अहो, मला काही कमी वाटलं नाही."

आनंदीबाईने अजून माफी मागितलेली नाही.