वाघोबांचा डबा आणि परातीएवढी चकती

एका जंगलात, बाळांनो, नुसता चढच चढ होता. उतारही असणार, कारण वर गेलेली सायकल एकटीच घरंगळत परत यायची. तिच्यावर बसून गेलेला मात्र यायचा नाही.

त्याचं असं होतं. डोंगरमाथ्यावर वाघोबा राहायचे. पोटाच्या तक्रारीमुळे वैद्यबुवांनी त्यांना दुधीचं पथ्य सांगितलं होतं. डबा रोज सायकलवरून जायचा. बाराच्या आत पोचला, तर वाघोबा दुधी खायचे. बारा वाजून गेले, तर डबा आणणाऱ्यालाच खायची त्यांना मुभा होती. वैद्यबुवांनाही याच जंगलात राहायचं होतं ना!

पहिला डबेवाला परत आला नाही, तेव्हा समिती बसली. अध्यक्ष कासव. ते कधीच सायकलवर बसले नव्हते, त्यामुळे निःपक्षपाती होते.

“डबा उशिरा पोचतो,” कासव म्हणाले, “म्हणजे सायकल हळू जाते. पेडलजवळची दातेरी चकती मोठी करा. चकती मोठी, वेग मोठा.”

“पण चढ?” कोणीतरी विचारलं.

“मी वरून पाहणी केलीय,” घार म्हणाली. “सगळं सपाट आहे.”

आणखी दोन डबेवाले गेले. दर वेळी चकती वाढली. शेवटी ती परातीएवढी झाली. मागच्या चाकाची चकती मात्र पुरीएवढीच राहिली.

चौथी पाळी केसू भेकराची आली. त्याच्या लग्नाला सोळा दिवस झाले होते.

सायकल दारात आली तशी त्याच्या आईने तिला हळदकुंकू लावलं. केसूने पेडल दाबून पाहिलं. मग उभा राहून दाबलं. सायकल जागची हलली नाही. केसूच हलला.

त्याची बायको मंजुळा उंबऱ्यातून पाहत होती.

“अहो, मोठी चकती मागे लावू या, लहान पुढे,” ती हळूच म्हणाली. “पाय भराभर फिरवावे लागतील, पण चढ चढेल.”

“थोरला मागे आणि धाकटा पुढे?” सासूबाई म्हणाल्या. “तुमच्याकडे पंगतही अशीच बसते वाटतं?”

“आणि असे भराभर पाय फिरवताना बघून लोक काय म्हणतील?” केसूने विचारलं.

“काहीतरी म्हणतील. पण ऐकायला तुम्ही असाल.”

केसू आत गेला. मग पाना घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी तो निघाला. पाय शिवणयंत्रासारखे फिरत होते. माकडं पोट धरून हसली. दोन मुंग्या त्याला मागे टाकून गेल्या. पण पावणेबाराला केसू माथ्यावर होता.

वाघोबांनी घड्याळाकडे पाहिलं. केसूकडे पाहिलं. मग डोळे पुसत दुधी खाल्ला.

केसू जिवंत परतला म्हणून सत्कार झाला. समितीचा.

“चकती परातीएवढी केली म्हणूनच हे घडलं,” कासव म्हणाले. “पण ती मागे कशी गेली? हा समितीचा अपमान आहे. उद्या ती पुन्हा पुढे लावा!”

केसूचा चेहरा उतरला. मंजुळाने पदर सावरला.

“पुढेच लावू की, काका. पण एवढी मानाची चकती आधी आमच्या ह्यांनी फिरवणं बरं दिसत नाही. पहिला मान तुमचा.”

टाळ्या इतक्या वाजल्या, की कासवांचं ‘नको’ कोणाला ऐकू गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बारा वाजले, तेव्हा कासव पहिल्याच वळणावर पेडलवर उभे होते. वाघोबा स्वतः खाली उतरून आले. येताना त्यांनी हातोडी आणली होती.

तात्पर्य : थोरांचा मान नेहमी राखावा. शक्यतो त्यांना सायकलवर बसवून, तोंड चढाकडे करून.